खुब्याच्या सांध्यावरचा सिरॅमिक लेप : हाड धातूला खरंच धरतं का?

रेवती_के

नमस्कार मंडळी. आईचा (वय ६१) उजवा खुब्याचा सांधा बदलायचं ठरलं आहे. डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर लिहिलंय, 'टायटॅनियमचा अनसिमेंटेड स्टेम, एचए कोटिंग'. एचए म्हणजे हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट, एक प्रकारचं सिरॅमिक, एवढं त्यांनी समजावलं. बाकीचंही सांगितलं असणार, पण तेव्हा माझं सगळं लक्ष आईच्या चेहऱ्याकडे होतं.

घरी आल्यावर आईनेच विचारलं, "अगं, धातू एवढा भक्कम, मग त्यावर ठिसूळ लेप कशाला? आत गेल्यावर त्याचे पोपडे निघाले तर ते बाहेर कसे काढणार?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून तोच प्रश्न डोक्यात घोळतोय.

इथे या विषयातलं कुणी असेल तर सांगाल का? लेप नेमकं काय करतो, किती टिकतो आणि नसता तर काय बिघडलं असतं? सोप्या भाषेत सांगा, पण अर्धवट नको. मला आईला नीट सांगायचं आहे.

अस्थिमित्र

रेवतीताई, आईंनी अगदी मुळाला हात घातलाय. हा लेप वापरात आल्यापासून संशोधकांनी सगळ्यात जास्त डोकं याच प्रश्नावर चालवलं आहे. मी अस्थिशल्यचिकित्सक आहे. आईंच्या प्रकृतीबद्दल त्यांचे डॉक्टरच बोलतील, मी फक्त तत्त्व सांगतो.

मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा जो दांडा बसवतात तो स्टेम. तो पक्का करायचे दोन मार्ग. पहिला म्हणजे सिमेंट. जॉन चार्नली यांनी १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये तो रूढ केला आणि आजही तो उत्तम मार्ग आहे. सिमेंट खरं तर गोंदासारखं चिकटत नाही. ते फटी भरून काढतं आणि दांड्याला आवळून धरतं. दुसरा मार्ग म्हणजे सिमेंट न घालता दांडा घट्ट ठोकून बसवायचा आणि हाडालाच त्याच्यापर्यंत वाढू द्यायचं.

हाड धातूला धरू शकतं हे स्वीडनमध्ये ब्रेनेमार्क या संशोधकाच्या लक्षात आलं, १९५२ च्या सुमारास. सशाच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची उपकरणं त्यांना काढता येईनात, कारण हाड धातूला थेट भिडलं होतं. पण हाडाला त्यासाठी दोन गोष्टी लागतात, जवळीक आणि स्थैर्य. फट मोठी असली किंवा दांडा हलत राहिला, तर हाडाऐवजी तंतुमय पेशीजालाचं मऊ अस्तर तयार होतं. असा दांडा पुढे सैल होतो आणि चालताना मांडी दुखते.

लेपाचं काम इथे सुरू होतं. आपल्या हाडाचा वजनाने साधारण दोन तृतीयांश भाग खनिज आहे आणि ते हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटच्या जातकुळीतलं आहे. तेच खनिज दांड्यावर असलं की त्यातून थोडं कॅल्शियम आणि फॉस्फेट भोवतीच्या द्रवात उतरतं, पृष्ठभागावर हाडासारख्याच खनिजाचा नवा थर बसतो, त्यावर प्रथिनं येतात आणि हाड बांधणाऱ्या पेशी तिथे काम सुरू करतात. एरवी हाड फक्त आपल्या कडेने धातूकडे वाढत येतं. लेप असला की ते दोन्ही बाजूंनी वाढतं आणि मधली फट लवकर सांधते.

नीरज_एम

म्हणजे हाडाला फसवायचं? 'मी धातू नाही, तुझाच भाऊ आहे' असं सांगून?

अस्थिमित्र

फसवणं नव्हे नीरज, ओळख करून देणं म्हणा. ओळख झाल्यावर पुढचं सगळं हाड स्वतः करतं, म्हणून तर ते टिकतं.

एक आकडा राहिला. दांडा हाडात ४०-५० मायक्रोमीटरच्या आत हलत असेल तर हाड त्याला धरू शकतं. ही हालचाल १५० मायक्रोमीटरच्या पुढे गेली की तंतुमय अस्तर ठरलेलं. डोक्याचा केस साधारण ७० ते १०० मायक्रोमीटर जाड असतो, म्हणजे सगळा खेळ एका केसाच्या आतबाहेर चालतो. कुत्र्यांवरच्या डॅनिश प्रयोगांत असं दिसलं की अस्थिर रोपणाभोवती तयार झालेलं तंतुमय अस्तर एचएच्या लेपाभोवती पुढे हाडात बदलू शकतं, नुसत्या टायटॅनियमभोवती मात्र ते तसंच राहिलं. माझ्या मते लेपाची खरी कमाई ही आहे. अर्थात सैल बसवलेल्या दांड्याला कोणताही लेप वाचवणार नाही.

मुक्ता२३

माझ्या मावशीच्या सांध्यात सिरॅमिक आहे. तिला चालताना कधीकधी बारीक करकर ऐकू येते. रेवतीच्या आईलाही असं होईल का?

अस्थिमित्र

मुक्ताताई, ते सिरॅमिक वेगळं. मावशींच्या सांध्यात सिरॅमिकचा गोळा असणार, अ‍ॅल्युमिनाचा किंवा त्यात झिर्कोनिया मिसळलेला. १९७० मध्ये फ्रान्समध्ये पिएर बुतां यांनी अ‍ॅल्युमिनावर अ‍ॅल्युमिना घासणारा सांधा पहिल्यांदा बसवला. ते सिरॅमिक गुळगुळीत, कमालीचं कठीण आणि शरीराशी काही देणंघेणं न ठेवणारं. त्याचं काम घासणं, आणि त्याने हाडाला चिकटू नये हीच अपेक्षा. स्टेमवरचा लेप नेमका उलट स्वभावाचा. तो खडबडीत आणि थोडा विरघळणारा असतो, घासला जाण्याच्या जागी तो कधीच नसतो. त्यामुळे करकर त्याच्यामुळे होत नाही. मावशींनी तो आवाज त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर मात्र जरूर घालावा.

तेजोनिधी

पोपड्यांच्या प्रश्नाला मी उत्तर देतो, कारण चौदा वर्षं माझं काम तेच आहे. मी प्लाझ्मा स्प्रेच्या खात्यात आहे. आमच्याकडे सांध्याचे दांडे उघड्या धातूचे येतात आणि पांढरे होऊन जातात.

आधी धातूवर ग्रिट ब्लास्टिंग करतो, म्हणजे अ‍ॅल्युमिनाचे टोकदार कण दाबाच्या हवेने मारून पृष्ठभाग खरखरीत करतो. घरात गिलावा धरावा म्हणून भिंतीला टाचे मारतात ना, तसंच. हे नीट झालं नाही तर पुढचं सगळं वाया. मग स्प्रे गन. आर्गॉन आणि थोडा हायड्रोजन विजेच्या ठिणगीतून जातात आणि प्लाझ्माची, म्हणजे विद्युतभारित अतितप्त वायूची, ज्योत बाहेर पडते. आत तापमान दहा हजार अंशांच्या वर. त्यात एचएची पावडर सोडतो. एकेक कण ज्योतीत फार तर काही हजारांश सेकंद असतो. तेवढ्यात त्याने बाहेरून वितळायचं, आतून शक्य तितकं मूळचं राहायचं, दांड्यावर आपटून चपटं व्हायचं आणि तिथेच थिजायचं. असे थरावर थर चढतात. काम संपल्यावर जाडी पाहाल तर साधारण ५० ते २०० मायक्रोमीटरमध्ये.

खरी अडचण अशी की एचएला उष्णता सोसत नाही. जास्त तापलं की त्याच्या रचनेतलं हायड्रॉक्सिल निघून जातं आणि ते दुसऱ्याच फॉस्फेटांमध्ये फुटतं. काही भाग स्फटिक न होता काचेसारखा थिजतो, तो शरीरात भराभर विरघळतो. कधी चक्क कॅल्शियम ऑक्साइड तयार होतं, म्हणजे कळीचा चुना. ते तर अजिबात नको. आणि ज्योत कमी ठेवली तर कण नीट वितळत नाहीत आणि एकमेकांना धरत नाहीत. या दोन टोकांच्या मधली वाट शोधण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि मला त्याचा अभिमान आहे.

आता पोपडे. एचए गरम असताना टायटॅनियमपेक्षा जास्त फुगतं. एका अंशामागे टायटॅनियमची वाढ दहा लाखांत साधारण ९ भाग, एचएची १३ ते १५. त्यामुळे थंड होताना लेपाला जास्त आकसायचं असतं, खालचा धातू आकसू देत नाही आणि लेप ताणलेल्या अवस्थेत राहतो. लेप जितका जाड, तितका हा ताण घातक. 'जाड थर म्हणजे टिकाऊ थर' हा समज इथे साफ उलटा पडतो.

पकड मोजायलाही ठरलेली पद्धत आहे. प्रत्येक खेपेत दांड्यांसोबत त्याच धातूच्या चकत्या रंगवतो, आम्ही त्यांना कूपन म्हणतो. लेपाला दुसरी चकती ताकदवान गोंदाने चिकटवून यंत्रात सरळ ओढायची. आयएसओ १३७७९ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे किमान १५ मेगापास्कल हवेत. म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर साधारण दीडशे किलोची ओढ लेपाने सोसली पाहिजे. लेपाचा किती भाग स्फटिकरूप आहे तेही एक्स-रे विवर्तनाने मोजतात. रेवतीताई, आईंना सांगा की पोपड्यांची भीती आम्हालाही वाटते, म्हणून तर एवढी मोजमापं करतो.

शलाका

तेजोनिधी, किती छान लिहिलंत. एक शंका, गोंद लेपाच्या बारीक छिद्रांतून खाली धातूपर्यंत झिरपला तर? मग यंत्र लेपाची पकड मोजणार की गोंदाची?

तेजोनिधी

शलाकाताई, तुम्ही या धंद्यात असायला हव्या होतात! अगदी बरोबर. लेप सच्छिद्र असेल तर गोंद झिरपतो आणि आकडा खोटा मोठा येतो. म्हणून गोंद पातळ न घेता दाट किंवा पापुद्र्याच्या रूपात घ्यायचा आणि चकती तुटल्यावर ती कुठे तुटली हे भिंगाखाली बघायचं. गोंदात, लेपाच्या पोटात की धातूच्या कडेला, हे तीन वेगळे निकाल आहेत. एकदा एका खेपेचे आकडे फार सुंदर आले होते. भिंगाखाली पाहिलं तर सगळीकडे गोंद पोचलेला. ती अख्खी खेप आम्ही सोलून पुन्हा केली. दोन दिवस गेले, पण ते दांडे कुणाच्या तरी आईवडिलांच्या पायात जाणार होते.

नोंदवही

सगळं वाचलं, तंत्र मोहक आहे यात वाद नाही. पण मी आकडेवारीतला माणूस, मला शेवटचा प्रश्न पडतो. लेप असलेला सांधा रुग्णाच्या शरीरात जास्त वर्षं टिकतो का?

स्वीडनमध्ये १९७९ पासून खुब्याच्या सांध्यांची राष्ट्रीय नोंदणी आहे. तिच्या आधारे २०११ मध्ये एकाच घडणीच्या स्टेमचा अभ्यास आला, ४,७७२ सांध्यांचा. काहींवर एचए होतं, काहींवर नव्हतं. टिकण्यात फरक सापडला नाही. त्याच्या आदल्या वर्षी कपांचा, म्हणजे कटीच्या हाडातल्या वाटीचा अभ्यास आला होता. त्यात एचए असलेल्या कपांमध्ये सैल होऊन पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचा धोका उलट जास्त निघाला.

त्यामुळे 'हाड लवकर येतं' आणि 'सांधा जास्त टिकतो' ही दोन वेगळी विधानं आहेत असं माझं ठाम मत आहे. पहिल्याला पुरावा भक्कम आहे, दुसऱ्याला नाही. रुग्णाच्या घरच्यांसमोर दोन्ही एका वाक्यात सांगितली जातात, ते मला पटत नाही.

अस्थिमित्र

नोंदवही, तुमचा मुद्दा मान्य करून दोन गोष्टी सांगतो.

त्या स्टेमवर एचएखाली सच्छिद्र टायटॅनियमचा थर होता, म्हणजे लेप नसतानाही हाडाला धरायला उत्तम जागा. तिथे फरक दिसला नाही याचं मला नवल वाटत नाही. पण काही दांड्यांची सगळी घडणच लेपावर उभी आहे. १९८५ मध्ये लंडनमध्ये रोनाल्ड फरलाँग यांनी एचएचा लेप दिलेला स्टेम बसवायला सुरुवात केली. लगेच १९८६ मध्ये फ्रान्समधून कोराईल नावाचा स्टेम आला, १५५ मायक्रोमीटरचा लेप अंगभर असलेला. त्याची दीर्घकालीन कामगिरी अनेक देशांच्या नोंदण्यांत चांगली आहे. तेव्हा 'एचए चांगलं की वाईट' असा प्रश्न विचारला तर उत्तर सापडत नाही. कोणत्या घडणीवर आणि कोणत्या पृष्ठभागावर, हे विचारायला हवं.

कपांचं तुमचं म्हणणं मात्र मी पूर्ण मान्य करतो. तिथे हाडावरचा भार वेगळा, आणि जुने काही कप गुळगुळीत धातूवर थेट लेप दिलेले होते. लेप कायम राहत नाही. हाड खाणाऱ्या पेशी हाडासोबत त्यालाही हळूहळू खातात आणि नवं हाड तिथे येतं. लेप गेल्यावर खाली गुळगुळीत धातू उरला तर हाड धरणार कशाला?

नोंदवही

म्हणजे दीर्घकाळचं काम खालच्या पृष्ठभागाचं आणि लेपाचं काम सुरुवातीच्या महिन्यांचं. असं मांडलंत तर माझी काहीच हरकत नाही.

अस्थिमित्र

हो, असंच मांडतो. यापुढे रुग्णांनाही याच शब्दांत सांगेन.

दंतकथा

नावावर जाऊ नका, मी दंतवैद्य आहे आणि खरंच सांगतेय.

आमच्या क्षेत्राने हा धडा आधी गिरवला. १९८० च्या दशकात एचएचा लेप दिलेली दातांची रोपणं जोरात होती. पुढे लेप सुटणं, विरघळणं, हिरडीच्या कडेला लेप उघडा पडला की त्या खडबडीत जागेत जंतू साठणं, अशा तक्रारी यायला लागल्या. सगळी रोपणं वाईट निघाली असं नाही, पण विश्वास डळमळला. त्याच सुमारास कळलं की टायटॅनियमलाच कण मारून, आम्लात बुडवून नीट खडबडीत केलं तरी हाड सुंदर धरतं. आज बहुतेक रोपणं तशी असतात. तोंड उघड्या जगाशी जोडलेलं आहे. खुब्याचा दांडा पूर्ण आत असतो, त्यामुळे आमचा अनुभव तिकडे जसाच्या तसा लावू नये.

काचेरी

जैवसक्रिय, म्हणजे हाडाशी थेट जोडून घेणाऱ्या, पदार्थांची गोष्ट निघालीच आहे तर तिचा उगम सांगायलाच हवा. मला ती फार आवडते.

१९६७ साल. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठातले लॅरी हेंच एका लष्करी परिषदेला बसने निघाले होते. शेजारी व्हिएतनामहून परतलेला एक कर्नल बसला होता. हेंच त्याला आपल्या काचांबद्दल सांगत होते, किरणोत्सर्गात टिकणाऱ्या वगैरे. कर्नलने विचारलं, माणसाच्या शरीरात टिकेल असं काही बनवता येईल का? धातू आणि प्लॅस्टिक शरीर नाकारतं आणि हातपाय कापावे लागतात, ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. हेंच यांनी विचार केला की हाडात कॅल्शियम आणि फॉस्फेट आहे, तर काचेतच ते घालू.

१९६९ मध्ये ती काच उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवली. सहा आठवड्यांनी ती काढायला गेलेल्या शल्यवैद्याच्या हातून ती निघेचना. ओढून, ढकलून, काही केल्या हाड तिला सोडेना. तीच ४५एस५ काच. वजनाने ४५ टक्के सिलिका, साडेचोवीस टक्के सोडियम ऑक्साइड, तेवढंच कॅल्शियम ऑक्साइड आणि ६ टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइड. खिडकीच्या काचेपेक्षा सिलिका खूपच कमी, म्हणून ती शरीरातल्या द्रवाशी लगेच बोलू लागते. सोडियम बाहेर पडतं, वर सिलिकाचा जेलीसारखा थर उरतो, त्यावर कॅल्शियम-फॉस्फेट जमतं आणि त्याचं हाडाच्या खनिजात रूपांतर होतं.

नीरज_एम

मग रेवतीच्या आईला ही काचच का लावत नाहीत? एवढी घट्ट धरते तर?

काचेरी

कारण धातूवर तिचा लेप टिकवणं एचएहूनही अवघड. तेजोनिधींनी सांगितलेला आकसण्याचा ताण इथेही आहे आणि काच एचएहून ठिसूळ आहे. धातूला घट्ट धरावी म्हणून तापवायला जावं तर ती स्फटिक व्हायला लागते. टायटॅनियमशी जुळेल इतकं प्रसरण कमी करायचं तर सिलिका वाढवावी लागते, आणि सिलिका साठ टक्क्यांकडे गेली की हाडाशी बोलणं बंद. एक दुरुस्त करायला जावं तर दुसरं सुटतं. म्हणून ही काच मुख्यतः हाडातल्या पोकळ्या भरायला, कानातल्या हाडांच्या जागी आणि दातांच्या पेस्टमध्ये वापरली गेली. लेपासाठी कमी सोडियमच्या नव्या काचांवर काम सुरू आहे.

सुहास_मा

तांत्रिक काही कळत नाही, पण अनुभव आहे म्हणून लिहितो.

अपघातात माझ्या नडगीचं हाड तुटलं होतं. बाहेरून सांगाडा लावून हाडात पिना घातल्या होत्या. त्यांतल्या काहींवर हाच लेप होता असं नंतर कळलं. चार महिन्यांनी सांगाडा काढायच्या दिवशी साध्या पिना सहज निघाल्या, लेपवाल्या मात्र निघायला तयार नाहीत. मला भूल नव्हती. दात आवळून बसलो होतो. पण या चार महिन्यांत साध्या दोन पिना सैल होऊन तिथे पू झाला होता, लेपवाल्यांपैकी एकही हलली नाही. तेव्हा हाड धरतं का या रेवतीताईंच्या प्रश्नाला माझं उत्तर हो, मी ते अंगावर अनुभवलंय.

तक्रार एकच. कोणत्या पिनांवर लेप आहे हे रुग्णालयाने आधी सांगितलं असतं तर काढताना भूल मागितली असती. रोपणाच्या पाकिटावरचे स्टिकरही मला मिळाले नाहीत, दोन वर्षं मागून थकलो. रेवतीताई, ते स्टिकर शस्त्रक्रियेच्या दिवशीच मागून घ्या. त्यावर कंपनी, मॉडेल आणि खेपेचा क्रमांक असतो. पुढे कधी सांधा पुन्हा उघडायची वेळ आली तर डॉक्टरांना त्याचा मोठा आधार होतो.

अस्थिमित्र

सुहासजी, तुमचा त्रास वाचून वाईट वाटलं. लेपवाल्या पिना काढायला जास्त जोर लागतो हे मोजून सिद्ध झालंय, ते आधी सांगायलाच हवं होतं. आणि स्टिकर मागणं हा प्रत्येक रुग्णाचा हक्क आहे.

अपूर्वा_लॅब

मी याच विषयात पीएचडी करतेय. सध्या चौथं वर्ष आणि अकरावी कलाकृती (नमुन्यांना आम्ही प्रेमाने कलाकृती म्हणतो).

प्लाझ्माशिवायही वाटा आहेत हे सांगायला आले. जपानमध्ये कोकुबो या संशोधकाने रक्तद्रवातल्या क्षारांशी मिळतंजुळतं द्रावण रूढ केलं, १९९० च्या सुमारास. त्यात ३६.५ अंशांवर आणि ७.४ पीएचला नमुना ठेवायचा आणि त्यावर हाडासारखं खनिज उगवतं का पाहायचं. टायटॅनियम आधी सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून तापवलं तर त्यावर आपोआप असा थर येतो. प्लाझ्माची ज्योत नको, आणि नक्षीदार सच्छिद्र रोपणाच्या आतल्या भिंतींवरही थर पोचतो. स्प्रे गन तिथे पोचत नाही, कारण ती समोर दिसेल तेवढंच रंगवते. थ्रीडी छपाईच्या जाळीदार रोपणांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

हे द्रावण बनवणं म्हणजे संयमाची परीक्षा. काचेच्या भांड्यात ठेवायचं नाही, भांड्यावरच खनिज उगवायला लागतं. क्षार ठरलेल्या क्रमानेच घालायचे. शेवटच्या थेंबाला द्रावण गढूळ झालं तर सगळं ओतून पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या वर्षी मी असं नऊ वेळा ओतलं.

एक सावधगिरी. द्रावणात थर उगवला म्हणजे तो पदार्थ शरीरात चांगला, असं होत नाही. त्यात पेशी नाहीत, प्रथिनं नाहीत, रक्त नाही. तो पहिला दरवाजा आहे, एवढंच.

शलाका

अपूर्वा, जंतुसंसर्गाचं काय? लेपातच औषध घालता येईल का?

अपूर्वा_लॅब

माझा प्रबंध त्यावरच आहे, त्यामुळे आवरतं घेते! पहिल्यांदा बदललेल्या सांध्यांपैकी साधारण शंभरात एकदोघांना खोलवर संसर्ग होतो. संख्या लहान, पण ज्याला होतो त्याचे हाल फार. जंतू रोपणावर चिकट थर करून बसले की प्रतिजैविकं आत पोचत नाहीत. म्हणून एचएमध्ये चांदी, जस्त, तांबं मिसळून पाहतात. चांदी जंतू मारते, पण मात्रा वाढली की हाडाच्या पेशीही मारते. ती मात्रा सापडणं हेच काम. हाडवाढीसाठी स्ट्रॉन्शियमही घालतात, ते कॅल्शियमच्या जागी सहज बसतं.

तेजोनिधी

अपूर्वा, तुमच्या वाटेबद्दल आदर आहेच, पण कारखान्यातून एक सांगतो. तुमचे थर पातळ आणि नाजूक असतात. दांडा हातोड्याने ठोकून आत जाताना त्यांचं काय होतं? प्लाझ्मा चाळीस वर्षं टिकलाय तो या एका परीक्षेत उतरल्यामुळे.

अपूर्वा_लॅब

अगदी खरंय. सोडियम हायड्रॉक्साइड आणि उष्णता देऊन केलेला थर धातूशी पायरीपायरीने मिसळलेला असतो, तो बऱ्यापैकी तग धरतो. नुसता द्रावणातून बसवलेला खरवडला जातो. ठोकून पाहायची चाचणी आमच्या प्रयोगशाळेत नाही. तुमच्याकडे करता येईल का? व्यक्तिगत निरोप पाठवते.

तेजोनिधी

पाठवा. कूपन आमची घ्या, खर्चाचं बघू नका.

रेवती_के

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रात्री हा धागा आईला वाचून दाखवला. बसमधल्या कर्नलची गोष्ट तिने दोनदा वाचायला लावली. सोलून पुन्हा केलेल्या खेपेबद्दल ऐकल्यावर म्हणाली, "त्या तेजोनिधींना माझा नमस्कार कळव." कळवतेय.

परवा डॉक्टरांना भेटायचंय. काय विचारू?

नोंदवही

लेपाखालचा पृष्ठभाग कसा आहे हे आधी विचारा, स्टेमचा वेगळा आणि कपचा वेगळा. आणि याच मॉडेलची दहा वर्षांची नोंद कुठल्या नोंदणीत आहे का. डॉक्टरांना राग येणार नाही, चांगल्या डॉक्टरांना हा प्रश्न आवडतो.

अस्थिमित्र

मला तरी आवडतो. हाडाची घनता कशी आहे आणि त्यासाठी अनसिमेंटेडच का, हेही विचारा. ठिसूळ हाडात ठोकताना तडा जाण्याचा धोका असतो, तिथे सिमेंट सरस ठरू शकतं. पहिल्या सहा आठवड्यांत पायावर किती भार द्यायचा हे मात्र लिहूनच घ्या.

रेवती_के

(सात आठवड्यांनी)

शस्त्रक्रिया नीट झाली. डॉक्टरांनी शांतपणे सगळी उत्तरं दिली. स्टेमवर पूर्ण लेप आहे, खाली ग्रिट ब्लास्ट केलेलं टायटॅनियम. कपवर लेप नाही, सच्छिद्र टायटॅनियम आहे. आईच्या हाडाची घनता चांगली निघाली. सुहासजी, चारही स्टिकर आईच्या वहीत चिकटवले आहेत.

परवा सहा आठवड्यांचा एक्स-रे झाला. आई तो खिडकीच्या उजेडात धरून बसली होती. विचारतेय, "यात तो लेप कुठे दिसतो?" मलाही सापडला नाही.

अस्थिमित्र

आईंना सांगा, तो दिसणार नाही, इतका पातळ आहे. त्याऐवजी दोन गोष्टी पाहा. शस्त्रक्रियेनंतरचा पहिला एक्स-रे आणि हा, शेजारी शेजारी ठेवा. स्टेमचा वरचा खांदा हाडाच्या उंचवट्यापासून तेवढ्याच अंतरावर आहे का, की खाली सरकलाय? आणि दांड्याच्या कडेने काळी रेघ उमटली आहे का? अंतर तेवढंच असेल आणि रेघ नसेल तर हाड आपलं काम करतंय. नक्की निदान तुमच्या डॉक्टरांचंच.

रेवती_के

ठेवून पाहिले. आईने शिवणाची टेप आणली होती! अंतर तेवढंच आहे, रेघ नाही. आज डॉक्टरांनीही तेच सांगितलं आणि वॉकर सोडून काठी दिली.